जमीन कोणाची, कसणारा कोण, राज्य कोणाचं: इस्रायल-पॅलेस्टाइन वादाचं मूळ

प्रश्न असा आला आहे: "मॅडम, घरी जेवताना वाद झाला. मामा म्हणतात, ज्यू आणि मुसलमान यांचं हे हजारो वर्षांचं धर्मयुद्ध आहे, कधीच मिटणार नाही. मोठा भाऊ म्हणतो, सगळं ब्रिटिशांनी लावून दिलं, आपल्याकडे फाळणी केली तसंच. मी वाचायला बसले तर प्रत्येक ठिकाणी गोष्ट वेगळ्याच सालापासून सुरू होते. नेमकं मूळ कुठे आहे?"

प्रत्येक ठिकाणी साल वेगळं दिसतं, हे तुम्ही बरोबर टिपलंत. खरी गोम तिथेच आहे. गेली 24 वर्षं मी कॉलेजात आधुनिक जगाचा इतिहास शिकवते. हा विषय सुरू करण्याआधी मी मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटते आणि सांगते, या भांडणाचं पहिलं साल लिहा. कुणी 1948 लिहितं, कुणी 1967, अलीकडे बरेच जण 2023 लिहितात, आणि दोन-तीन चिठ्ठ्यांवर "दोन हजार वर्षांपूर्वी" असतंच. सगळी सालं फळ्यावर मांडली की मुलांच्या लक्षात येतं, की साल बदललं की पहिला वार करणाराही बदलतो. 15 मे 1948 पासून सुरुवात केली तर पाच अरब देशांची सैन्यं नव्या देशावर चालून आलेली दिसतात. फक्त पाच आठवडे मागे गेलात, तर 9 एप्रिलला दैर यासीन गावात ज्यू सशस्त्र गटांनी केलेली गावकऱ्यांची कत्तल दिसते. 1929 पासून सुरू केलंत तर हेब्रॉनमध्ये अरब जमावाने मारलेले 67 ज्यू दिसतात, आणि 1917 पासून सुरू केलंत तर लंडनमधलं एक पत्र. साल निवडतानाच माणूस निकाल देऊन बसलेला असतो.

म्हणून "पहिला वार कोणाचा" हा प्रश्न मी बाजूला ठेवते. "आधी तिथे कोण होतं" हाही ठेवते, कारण ज्यूंचं त्या भूमीशी असलेलं प्राचीन नातं खरं आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जन्मून तिथेच पुरल्या गेलेल्या अरबांचं नातंही तितकंच खरं आहे. मी विचारते ते असं: शेजारी राहायला आलेला माणूस तिथल्या साध्या शेतकऱ्याला नुसता शेजारी न वाटता वाटेकरी कधी वाटू लागला, आणि का? हा प्रश्न घेतला की उत्तर हजारो वर्षांत सापडत नाही. ते साधारण 1882 ते 1939 या काळात सापडतं.

आधी मामांचं म्हणणं घेऊ. एकोणिसाव्या शतकात पॅलेस्टाइन तुर्की सुलतानाच्या ऑटोमन साम्राज्यात होतं. तेव्हा तो एक सलग प्रांतही नव्हता. जेरुसलेमचा जिल्हा थेट इस्तंबूलच्या हाताखाली होता, तर नाब्लुस आणि अक्का हे जिल्हे पुढे बैरुत प्रांतात गेले. 1880 च्या आसपास तिथल्या साडेचार-पाच लाख लोकांत ज्यू होते सुमारे 25 हजार. ते बहुतेक जेरुसलेम, हेब्रॉन, सफेद आणि तिबेरियस या चार पवित्र शहरांत राहायचे. त्यांचं जगणं फार सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. ज्यू आणि ख्रिस्ती हे सुलतानाच्या राज्यात दुय्यम प्रजाजन होते, अपमान आणि अधूनमधून हिंसाही व्हायची. पण "हा देश कोणाचा" यावरून दोन समाज एकमेकांसमोर उभे ठाकलेत, असं चित्र तेव्हा नव्हतं.

ते चित्र घडायला सुरुवात झाली युरोपात. 1881 मध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि त्यानंतर रशियन साम्राज्याच्या दक्षिण भागात ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. 1903 मध्ये किशिनेव्हला पुन्हा तेच. तिकडे फ्रान्समध्ये, जिथे ज्यूंना शंभर वर्षं बरोबरीचे नागरी हक्क होते, ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला 1894 मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली. तो खटला पाहिलेल्या थिओडोर हर्झल या पत्रकाराने लवकरच मांडायला सुरुवात केली, की ज्यूंना स्वतःचं राज्य हवं. 1897 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात पहिली झायोनिस्ट परिषद भरली. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं स्वतःचं घर उभारू पाहणारी चळवळ ती झायोनिस्ट. हे सगळं नीट समजून घ्या, नाहीतर ज्यू तिकडे का गेले हेच कळणार नाही. घर जळत असलेली माणसं आसरा शोधत होती. पळून जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण अमेरिकेला गेले, थोडे 1882 पासून पॅलेस्टाइनला. त्या थोड्यांच्या मनात मात्र तो नुसता आसरा नव्हता, ते घरी परतणं होतं.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगावीशी वाटते. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायली, ज्यांना गावात शनिवार तेली म्हणत, ते शतकानुशतकं घाणा चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत आणि मराठी बोलत राहिले. त्यांच्यावर कुणी धर्मासाठी हात उचलला नाही. 1948 नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले, पण ते श्रद्धेच्या आणि नव्या संधीच्या ओढीने. जीव वाचवायला पळण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. ज्यू आणि इतर यांचं वैर जन्मजात असतं, असं कुणी म्हणालं की मी अलिबागजवळच्या नवगावचं नाव घेते.

आता मुद्द्याचं. जमीन.

माझे आजोबा रत्नागिरीकडे खोताचे कूळ होते, त्यामुळे या भागापाशी मी नेहमी थोडी जास्त थांबते. 1858 मध्ये ऑटोमन सरकारने जमीन कायदा आणला आणि प्रत्येक जमीन कोणाच्या तरी नावावर नोंदवायला सांगितली. शेतकरी घाबरला. नाव नोंदवलं की कर लागणार, पोरगा सैन्यात जाणार. मग बऱ्याच ठिकाणी नोंद झाली ती गावच्या पुढाऱ्याच्या, शहरातल्या सावकाराच्या किंवा व्यापाऱ्याच्या नावावर. पुढच्या दशकात सरकारनेही मोठमोठे पट्टे श्रीमंतांना विकले. बैरुतच्या सुरसुक नावाच्या व्यापारी घराण्याने असाच मर्ज इब्न आमिर या सुपीक खोऱ्याचा मोठा हिस्सा घेतला. ज्यू या खोऱ्याला यिझ्रेल म्हणतात. कसणाऱ्याला काही फरक जाणवला नाही. तो पूर्वीसारखाच नांगरत राहिला, हिस्सा देत राहिला. मालक बदलला तरी वहिवाट आपली, ही त्याची समजूत. कोकणातल्या कुळाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

1910 मध्ये या घराण्यातल्या एलियास सुरसुक याने नाझरेथजवळच्या फुला गावची सुमारे 10 हजार दुनम जमीन झायोनिस्ट संस्थेला विकायचं ठरवलं. दुनम म्हणजे साधारण पाव एकर. व्यवहार कायदेशीर होता. विकणारा मालक होता, घेणाऱ्याने पैसे मोजले. पण नाझरेथचा ऑटोमन अधिकारी शुक्री अल-असली याने कुळांना हलवायला आणि कागद हवाली करायला नकार दिला. त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने तो नकार फिरवला आणि 1911 मध्ये तिथे मेरहाविया ही वसाहत उभी राहिली. पण असली गप्प बसला नाही. त्या जमिनीवर एका जुन्या किल्ल्याचे अवशेष होते. त्यांचा संबंध ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांकडून जेरुसलेम जिंकणाऱ्या सुलतान सलाहुद्दीनशी जोडून त्याने वर्तमानपत्रांत लेख लिहिले आणि पुढे ऑटोमन संसदेत निवडून गेल्यावर तिथेही हा विषय काढला. हैफाचं अल-कर्मिल आणि 1911 मध्ये जाफाला सुरू झालेलं फलस्तीन ही पत्रं अशा विक्रीवर सतत लिहीत होती. कुळाच्या बेदखलीचं प्रकरण अशा रीतीने वर्षभरात इतिहासाचं आणि इभ्रतीचं प्रकरण झालं. माझ्या दृष्टीने या संघर्षाची पहिली ठिणगी शोधायची तर ती इथे आहे.

दुसऱ्या बाजूचंही ऐका, कारण इथेच खरी पंचाईत आहे. साध्या जमीनखरेदीत नवा मालक जुनी कुळं ठेवतो, हिस्सा घेतो, गाडं चालू राहतं. पण 1901 मध्ये स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीचा नियम होता, की घेतलेली जमीन पुन्हा विकायची नाही, ती कायम ज्यू लोकांची सामाईक राहील. आणि रशियातून आलेल्या ध्येयवादी तरुणांचा आग्रह होता, की शेतात आपणच राबायचं. दुसऱ्याला मजुरीवर राबवून मालक होऊन बसायचं नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे हा न्याय होता, आणि ते ऊरफोड करून राबलेही. मलेरियाने माणसं गेली तरी मागे हटले नाहीत. पण "आमचं शेत आम्हीच कसणार" याचा अर्थ आधीच्या कुळाला शेतात जागा नाही. एका बाजूच्या तत्त्वनिष्ठेने दुसऱ्या बाजूची भाकरी गेली. विद्यार्थी मला विचारतात, मग यात चूक कोणाची? मी त्यांना आधी एवढंच लिहायला सांगते, की जमिनीचा मालक बैरुतला होता, कसणारा फुलाला होता आणि सत्ता इस्तंबूलला होती. विक्रीचा निर्णय झाला तेव्हा या तिघांपैकी ज्याचं सगळं जाणार होतं, त्याला कुणी विचारलं नव्हतं.

तर इथवर 1911 साल आलं. ब्रिटिश अजून तिथे आलेलेच नाहीत, आणि तरी भांडण सुरू झालेलं आहे. हे भावासाठी.

पण भावाचं म्हणणं निम्मं खरं आहे, आणि ते निम्मं फार मोठं आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी मक्केचा शरीफ हुसेन याला तुर्कांविरुद्ध उठवताना अरबांच्या स्वातंत्र्याचं आश्वासन दिलं. 1916 मध्ये फ्रेंचांबरोबर गुपचूप वाटणीचा करार केला. आणि 2 नोव्हेंबर 1917 रोजी परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी लॉर्ड रॉथ्सचाइल्ड यांना पत्र लिहून कळवलं, की पॅलेस्टाइनमध्ये ज्यू लोकांसाठी "राष्ट्रीय निवासस्थान" उभारायला सरकारची सहानुभूती आहे. त्यातला जाहीरनामा मूळ इंग्रजीत फक्त 67 शब्दांचा आहे. मी तो वर्गात शब्दशः वाचून घेते. ज्यूंना त्यात "लोक" म्हटलं आहे, त्यांना "राष्ट्रीय" काहीतरी मिळणार आहे. त्या वेळी दहातले नऊ रहिवासी अरब होते, पण "अरब" हा शब्द त्यात नाही. त्यांचा उल्लेख आहे "तिथले बिगरज्यू समाज" असा, आणि त्यांच्या फक्त नागरी व धार्मिक हक्कांना बाध येणार नाही असं म्हटलं आहे. राजकीय हक्कांचं नाव नाही. तुमच्या घरात तुम्हाला नमाज पढता येईल, शेत विकता-घेता येईल, पण घराचं पुढे काय करायचं ते तुम्हाला विचारणार नाही, असा त्याचा अर्थ.

लंडनमध्ये हे कुणाला दिसलं नव्हतं असं नाही. ज्या दोघांनी हरकत घेतली, ती दोन्ही नावं आपल्या ओळखीची आहेत. एक लॉर्ड कर्झन, बंगालची फाळणी करून गेलेले. त्यांनी मंत्रिमंडळापुढे विचारलं, की तिथे राहणाऱ्या लोकांचं काय होणार? दुसरे एडविन माँटेग्यू, माँट-फर्ड (माँटेग्यू-चेम्सफर्ड) सुधारणांमधले भारतमंत्री, स्वतः ज्यू. त्यांना भीती होती, की ज्यूंचा देश पॅलेस्टाइन असं एकदा ठरलं, की इंग्लंड-फ्रान्समधल्या ज्यूंना तिथले लोक परके म्हणायला मोकळे होतील. दोघांचं ऐकलं गेलं नाही. युद्धात रशिया आणि अमेरिकेतल्या ज्यूंची सहानुभूती हवी होती, आणि सुएझ कालव्याच्या, म्हणजे भारताच्या वाटेच्या, शेजारी आपलं माणूस हवं होतं.

पुढे 1922 मध्ये राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेने, पॅलेस्टाइनचा कारभार ब्रिटनकडे दिला, आणि बाल्फोरचं आश्वासन त्या सनदेतच घातलं. माझ्या मते गाठ इथे पक्की बसली. पहिल्या महायुद्धानंतर जगभर बोलबाला होता स्वयंनिर्णयाचा. पण पॅलेस्टाइनमध्ये खरं प्रातिनिधिक सरकार दिलं असतं, तर बहुमताने पहिल्याच दिवशी ज्यूंचं स्थलांतर थांबवलं असतं. म्हणजे लोकशाही द्यायची तर ज्यूंना दिलेला शब्द मोडतो, आणि शब्द पाळायचा तर लोकशाही देता येत नाही. 1922 च्या जनगणनेत 7,57,182 लोकसंख्येत ज्यू होते 83,794, म्हणजे 11 टक्के. ब्रिटिशांनी मर्यादित अधिकारांचं विधिमंडळ देऊ केलं, पण ते स्वीकारणं म्हणजे बाल्फोरला मान्यता देणं, म्हणून अरबांनी 1923 च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. तो बहिष्कार समजण्यासारखा होता. पण त्यामुळे पुढची पंचवीस वर्षं त्यांच्या हातात चालती संस्था उरली नाही, आणि ज्यूंनी मात्र शाळा, कामगार संघटना, बँक, विद्यापीठ, संरक्षण दल असं सगळं उभं केलं. 1948 चा निकाल बराचसा या फरकाने लागला.

धर्म यात केव्हा आला? तो होताच, पण भडका 1929 मध्ये उडाला. जेरुसलेममध्ये ज्यू जिथे प्रार्थना करतात ती पश्चिम भिंत आणि मुसलमानांचं अल-अक्सा मशिदीचं आवार एकमेकांना लागून आहेत. भिंतीपाशी कोणाला काय मांडायची परवानगी, यावरून वर्षभर धुसफुस झाली. ऑगस्टमध्ये अफवा पसरल्या आणि एका आठवड्यात 133 ज्यू आणि 116 अरब मेले. अरबांपैकी बहुतेक पोलीस आणि सैन्याच्या गोळीबारात. हेब्रॉनमधली ज्यू वस्ती झायोनिस्ट चळवळीच्या कितीतरी आधीची होती. त्यांनाच कापून काढलं. त्याच दिवशी काही अरब कुटुंबांनी शेकडो ज्यूंना घरात लपवून वाचवलं. चौकशी करणाऱ्या ब्रिटिश आयोगाने कारण दिलं ते अरबांच्या राजकीय आकांक्षांचं वैफल्य आणि जमीन-रोजगाराची भीती. भिंत ही ठिणगी होती, जळण आधीच रचलेलं होतं. मामांना एवढंच सांगा, की धर्माने या भांडणाला भाषा आणि धग दिली, पण ते जन्माला घातलं नाही.

1933 नंतर सगळं वेगाने घडलं. जर्मनीत हिटलर आला. अमेरिकेने 1924 मध्येच कोटा लावून दार जवळजवळ बंद केलं होतं, इतर देशांची तयारी नव्हती. एकट्या 1935 मध्ये 60 हजारांहून जास्त ज्यू पॅलेस्टाइनला आले. बर्लिनहून निघालेल्या कुटुंबाला ते शेवटचं उघडं दार होतं, तर जाफाच्या माणसाला आपण आपल्याच देशात अल्पसंख्य होणार हे बंदरावर रोज दिसत होतं. त्या दोघांपैकी एकाचीही भीती खोटी नव्हती. 1936 मध्ये अरबांनी सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप केला, उठाव 1939 पर्यंत चालला आणि ब्रिटिशांनी तो निर्दयपणे मोडला. 1937 मध्ये ब्रिटिशांच्या पील आयोगाने पहिल्यांदा फाळणी सुचवली. 1939 मध्ये ब्रिटनने उलटा फिरून पाच वर्षांत फक्त 75 हजार ज्यूंना प्रवेश असं ठरवलं, नेमकं जेव्हा युरोपातले 60 लाख ज्यू मारले जाणार होते तेव्हा. 1939 पर्यंत गोष्ट अशा टप्प्याला आली होती, की एका बाजूला जे मिळेल ते दुसऱ्या बाजूचं गेलेलं असणार. 1947 ची फाळणी आणि 1948 चं युद्ध हे त्या पेरणीचं पीक.

ते थोडक्यात: 29 नोव्हेंबर 1947 रोजी संयुक्त राष्ट्रांनी 33 विरुद्ध 13 मतांनी फाळणी मंजूर केली. लोकसंख्येत ज्यू एक तृतीयांश होते, त्यांच्या राज्याला निम्म्याहून जास्त भूभाग मिळणार होता. ज्यू नेतृत्वाने ती स्वीकारली, अरबांनी नाकारली. भावाला सांगायची गोष्ट म्हणजे, स्वतःच्या फाळणीला साडेतीन महिने झालेल्या भारताने विरोधात मत दिलं. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी समितीतले आपले प्रतिनिधी सर अब्दुर रहमान यांनी इराण आणि युगोस्लाव्हियाच्या प्रतिनिधींसह एका संघराज्याची योजना मांडली होती. नंतरच्या युद्धात सुमारे 7 लाख पॅलेस्टिनी हुसकावले गेले किंवा पळाले आणि त्यांना परत येऊ दिलं नाही. त्याला ते नकबा म्हणतात, म्हणजे महासंकट. 1949 ला शस्त्रसंधी झाली तेव्हा पूर्वीच्या पॅलेस्टाइनचा 78 टक्के भाग इस्रायलकडे होता.

काही गोष्टी मात्र तुम्ही कोणाच्या घरातून पाहता यावर अवलंबून राहणारच, आणि ते मी लपवत नाही. गाझातल्या बहुतेक कुटुंबांना मूळ विचारलंत तर ते 1948 सांगतील, कारण ती कुटुंबं तेव्हाच आजच्या इस्रायलच्या भागातून निर्वासित होऊन गाझात आली. वेस्ट बँकच्या शेतकऱ्याला इस्रायली सैन्याचा ताबा, चौक्या आणि वसाहती 1967 नंतर दिसल्या. बगदादहून आलेलं ज्यू कुटुंब जून 1941 ची बगदादची दंगल सांगेल, आणि 1950-51 मध्ये इराकमधलं सगळं सोडून विमानात बसल्याचं सांगेल. यातलं एकही उत्तर चुकीचं नाही. ती आपापल्या जखमेची सालं आहेत. तुम्ही भांडणाचं मूळ विचारलंत म्हणून मी 1882 ते 1939 म्हणते. आजच्या गाझाबद्दल विचारलं असतंत, तर मी 1967 पासून, म्हणजे इस्रायलने गाझा ताब्यात घेतल्यापासून, आणि 2007 पासून, म्हणजे हमासने तिथली सत्ता घेतल्यापासून, बोलले असते.

पुढच्या वेळी घरी विषय निघाला तर भावाला फुला गावची 1910 सालची गोष्ट सांगा, बाल्फोरच्या सात वर्षं आधीची. आणि मामांना एक पत्र सांगा. 1 मार्च 1899 रोजी जेरुसलेमचे माजी महापौर युसुफ दिया अल-खालिदी यांनी फ्रान्सच्या प्रमुख रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, ते लिहिलं, हर्झलपर्यंत पोहोचावं म्हणून. खालिदी धार्मिक विद्वानांच्या घराण्यातले मुसलमान होते. या भूमीशी ज्यूंचं ऐतिहासिक नातं आहे हे त्यांनी त्या पत्रात स्वतःहून मान्य केलं, युरोपात त्यांच्यावर होणारे अत्याचार आपल्याला कळतात असं लिहिलं, आणि मग सांगितलं, की पण इथे दुसरे लोक राहतात, तेव्हा देवासाठी पॅलेस्टाइनला सोडून द्या. हर्झलचं उत्तर त्याच महिन्यात, 19 मार्चला आलं. भाषा अतिशय आदराची होती. ज्यू येतील तर तुमच्या जमिनींचे भाव वाढतील, भरभराट होईल, तुम्हाला घालवून देण्याचा विचार कोण करणार, असा त्याचा आशय. जमिनीच्या भावाबद्दल त्यात होतं. तिथे राज्य कोणाचं असणार, याबद्दल त्या उत्तरात एक ओळही नव्हती.